स्मार्ट घड्याळातील चलनवलन व निद्रेचे आलेख : एक चिकित्सक वाचन

प्रास्ताविक

मनगटी घड्याळ केवळ वेळ सांगत होते तोवर त्याचे वाचन हा चर्चेचा विषय होण्याचे कारण नव्हते. काटे कोठे आहेत ते पाहिले की काम भागे. स्मार्ट घड्याळ मात्र ते बांधणाऱ्या व्यक्तीविषयीच बोलू लागले आहे. दिवसभरात किती पावले पडली, नाडी केव्हा वाढली, रात्री किती मिनिटे गाढ झोप लागली, हे ते रंगीत आलेखांच्या रूपाने सांगते. आणि प्राध्यापक-कक्षात सकाळच्या चहाबरोबर या आलेखांची तुलनाही होते. ‘काल माझी गाढ झोप फक्त ३८ मिनिटे झाली’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. या वाक्याला आधार कोणता आणि ते बोलणाऱ्याने ते कितपत खरे मानावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रस्तुत लेखक साहित्याचा अध्यापक आहे, वैद्यकाचा नव्हे. तरीही या विषयात पडण्याचे धाडस केले, याला एक प्रसंग कारणीभूत झाला. तीन वर्षांपूर्वी आईच्या आजारपणात एका रुग्णालयात सलग चार रात्री तिच्या उशाशी बसून काढाव्या लागल्या. तिसऱ्या रात्री तिचा श्वास अडखळत होता. खुर्चीत बसून, हात खाटेच्या कठड्यावर ठेवून, तिची छाती वरखाली होते आहे ना हे पाहत ती रात्र गेली. डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी मनगटावरच्या घड्याळाने कळविले की रात्री ४ तास ५० मिनिटे झोप झाली असून त्यांपैकी ४१ मिनिटे गाढ झोपेची आहेत. प्रथम हसू आले, मग रागही आला. परंतु त्यानंतर जे घडले ते अधिक विचार करण्याजोगे आहे. थोरल्या बहिणीला रात्रीची हकीकत सांगत असता मध्येच शंका आली, की आपला डोळा खरोखरच लागला होता की काय? स्वतः जागून काढलेल्या रात्रीविषयी स्वतःचीच साक्ष डळमळीत व्हावी, इतके त्या निळ्या-जांभळ्या पट्ट्यांचे वजन मनावर पडले होते.

संहितेवर आंधळा विश्वास ठेवू नये, हे साहित्याचे अध्यापक विद्यार्थ्यांना शिकवितात. निवेदक विश्वासार्ह आहे काय, मजकुरावर संपादकाचा हात कोठे फिरला आहे, कोणते शब्द निवडले आणि कोणते गाळले, हे प्रश्न कादंबरीला विचारायचे आणि आलेखाला मात्र विचारायचे नाहीत, यास काही कारण दिसत नाही.

पावलांचा हिशेब

घड्याळ पाऊल मोजत नाही, ही पहिली गोष्ट. ते मनगटावर असते आणि मनगटाला जमीन ठाऊक नसते. त्याच्या आत त्वरणमापक नावाचा सूक्ष्म घटक असतो. तो तीन दिशांनी होणाऱ्या हालचालींतील बदल सेकंदाला अनेक वेळा टिपतो. चालताना हात ज्या लयीने झुलतो ती लय या नोंदींत सापडली, की तिच्यावरून पाऊल पडले असे ठरविले जाते. म्हणून बाजारातील ढकलगाडीच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून चाललेला माणूस बराच चालूनही थोडाच चालल्यासारखा दिसतो. डोक्यावरच्या हंड्याला एका हाताने धरून चढण चढणाऱ्या बाईच्या त्याच हातात घड्याळ असेल, तर तिची पावलेही अशीच गळण्याचा संभव आहे. उलट, ओट्याशी जागच्या जागी उभे राहून डझनभर भाकऱ्या थापणाऱ्या गृहिणीच्या खात्यावर न चाललेली पावले जमा होऊ शकतात. श्रमाचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्राने श्रमाचे काही प्रकार पाहूच नयेत, ही बाब सामाजिक शास्त्रांच्या अध्यापकांनी मनावर घ्यावी अशी आहे.

दुसरी गोष्ट ‘१०,००० पावले’ या उद्दिष्टाची. वर्तुळ पूर्ण झाले की घड्याळ थरथरते आणि आपणास कृतार्थ वाटते. या आकड्याचे मूळ प्रयोगशाळेत नाही. टोकियो येथे १९६४ साली ऑलिंपिक स्पर्धा भरल्या. त्यानंतर जपानमध्ये चालण्याविषयी जे वातावरण निर्माण झाले होते, त्याचा लाभ घेत १९६५ मध्ये यामासा या कंपनीने कमरेला लावण्याचे एक पाऊलमापक यंत्र विक्रीस आणले. त्याचे नाव ‘मानपो-केई’, म्हणजेच ‘दहा हजार पावलांचे मापक’. विक्रीसाठी घेतलेले एक गोल, लक्षात राहणारे नाव पुढे आरोग्याचा दंडक होऊन बसले. आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ७२ वर्षे सरासरी वयाच्या १६,७४१ स्त्रियांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा लक्षणीयरीत्या कमी आढळले, आणि सुमारे ७,५०० पावलांच्या पुढे हा लाभ वाढताना दिसला नाही. यावरून ७,५०० हा नवा दंडक करावा असे नव्हे. तो वृद्ध स्त्रियांच्या एका गटाचा आकडा आहे. पण ६,००० पावलांवर दिवस संपला म्हणून रात्री अकरा वाजता दिवाणखान्यात फेऱ्या घालणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना ही हकीकत अवश्य सांगावी.

खर्ची पडलेल्या कॅलरींचा आकडा तर याहूनही कच्चा असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये सात मनगटी उपकरणांची ६० व्यक्तींवर परीक्षा केली. त्यांपैकी सहा उपकरणांच्या नाडीच्या आकड्यातील चूक ५ टक्क्यांच्या आत होती. ऊर्जेच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगल्या उपकरणाची सरासरी चूक २७ टक्के, तर सर्वांत वाईट उपकरणाची ९३ टक्के भरली. एकाच पडद्यावर, एकाच टाइपात, शेजारीशेजारी छापलेल्या दोन आकड्यांची पत इतकी भिन्न असते आणि पडदा त्याविषयी मौन पाळतो.

निश्चलता आणि निद्रा

झोपेच्या आलेखाकडे वळताना ती कशी मोजली जाते हे आधी पाहिले पाहिजे. झोपेचे टप्पे मूलतः मेंदूच्या विद्युत्‌लहरींवरून ठरले. हान्स बर्गर याने मानवी मेंदूच्या लहरींचे आलेखन १९२९ मध्ये प्रसिद्ध केले. लूमिस व त्याच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये या लहरींवरून झोपेची वर्गवारी केली. आणि १९५३ मध्ये शिकागो येथे असेरिन्स्की व क्लाइटमन यांनी बंद पापण्यांआड डोळे वेगाने हलतात ती स्वप्नबहुल अवस्था, म्हणजेच आरईएम निद्रा, वर्णिली. झोपेची प्रयोगशाळेतील तपासणी अजूनही डोके, डोळे आणि हनुवटी यांवर लावलेल्या अग्रांच्या साहाय्यानेच होते. मनगटावरील घड्याळाला यांतील काहीच उपलब्ध नसते. त्याला हाताची हालचाल कळते, आणि त्वचेवर टाकलेल्या हिरव्या प्रकाशावरून नाडी कळते. रक्तातील हिमोग्लोबिन हा प्रकाश शोषून घेते; प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालील रक्त कमीजास्त होते; परत येणारा प्रकाश त्यानुसार बदलतो. पट्टा सैल असला किंवा मनगटावर गडद गोंदण असले तर या वाचनात बाधा येते. गाढ निद्रेत नाडी संथ व नियमित असते, आरईएम अवस्थेत ती अनियमित होते. अशा खुणांवरून घड्याळ टप्पा ठरविते. मेंदूत काय चालले आहे हे ते पाहत नाही, त्याचा तर्क करते.

येथे न्यायशास्त्राची आठवण होणे अपरिहार्य आहे. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे, हे अनुमानाचे आपल्या परिचयाचे उदाहरण. धूर अग्नीवाचून असत नाही म्हणून ते अनुमान टिकते. ‘हात निश्चल आहे, म्हणून मनुष्य निद्रित आहे’ हे अनुमान मात्र त्या प्रतीचे नाही. निश्चलता झोपेत असते तशी वाचनात असते, ध्यानात असते, चिंतेत असते आणि आजाऱ्याच्या उशाशीही असते. साध्य नसलेल्या ठिकाणीही जो हेतू आढळतो त्यास नैयायिक ‘सव्यभिचार’ म्हणतात. नाडीची जोड मिळाल्यामुळे हा दोष उणावला आहे, गेलेला नाही. निरोगी तरुणांवर सात उपकरणांची जी तपासणी २०२१ मध्ये ‘स्लीप’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली, तिच्यात झोपेचे क्षण झोप म्हणून ओळखण्याचे प्रमाण सर्व उपकरणांत ९३ टक्के किंवा अधिक होते; जागेपणाचे क्षण जागेपण म्हणून ओळखण्याचे प्रमाण मात्र १८ ते ५४ टक्के इतकेच निघाले. उपकरणे त्यानंतर सुधारली आहेत, परंतु चुकीची दिशा तीच आहे.

या दोन आकड्यांतील अंतर नीट समजून घेतले पाहिजे, कारण जाहिरातीत सहसा एकच आकडा येतो. समजा, एक मनुष्य अंथरुणावर ४८० मिनिटे आहे आणि त्यांपैकी ४८ मिनिटे जागा आहे. एखाद्या यंत्राने काहीही न मोजता रात्रभर डोळे मिटून ‘झोप, झोप, झोप’ असेच लिहिले, तरी ते ९० टक्के बरोबर ठरेल! ज्याची झोप चांगली आहे त्याच्या बाबतीत यंत्र फार क्वचित चुकते. ज्याला झोप येत नाही, जो तासन्‌तास छताकडे पाहत पडून असतो, त्याच्याच बाबतीत ते सर्वाधिक चुकते. आलेखाची गरज ज्याला जास्त, त्यालाच त्याची साक्ष कमी उपयोगी पडावी, हा या साधनाचा खरा दोष होय.

चार रंग आणि मराठी शब्द

बहुतेक घड्याळे रात्रीचे चार भाग करतात : जागृत, आरईएम, हलकी आणि गाढ. हे भाग निसर्गाने आखून ठेवलेले नाहीत. रेक्टशाफन व केल्स यांनी १९६८ मध्ये जी नियमपुस्तिका तयार केली तिच्यात आरईएमखेरीज निद्रेचे चार टप्पे होते. अमेरिकेतील निद्रावैद्यक संस्थेने २००७ मध्ये तिसरा व चौथा टप्पा एकत्र करून टाकला. तीस सेकंदांच्या तुकड्यात संथ लहरी किमान २० टक्के असतील तर ती गाढ झोप, असा नियम आहे. तीस सेकंदच का? कारण पूर्वी आलेखनाचा कागद सेकंदाला दहा मिलिमीटर सरके आणि त्याचे पान तीस सेंटिमीटरचे असे. कागद गेला, पानाची रुंदी राहिली. शिवाय दोन प्रशिक्षित तज्ज्ञांनी एकच रात्र स्वतंत्रपणे तपासली तर त्यांचे एकमत शेकडा ८०च्या आसपासच होते. उत्तरपत्रिकांच्या पुनर्मूल्यांकनाचा अनुभव असलेल्या वाचकांस यात नवल वाटू नये. सांगायचे ते इतकेच, की ज्या मूळ प्रतीशी घड्याळाची प्रत ताडून पाहायची त्या मूळ प्रतीतही पाठभेद आहेत.

‘हलकी’ हा शब्द तर स्वतंत्र टीकेस पात्र आहे. मराठीत हलके म्हणजे वजनाने कमी आणि हलके म्हणजे कनिष्ठ प्रतीचेही. ‘हलकी झोप ४ तास १० मिनिटे’ असे वाचताच रात्रीचा मोठा भाग वाया गेल्यासारखे वाटते. वस्तुतः प्रौढ माणसाची निम्म्याच्या आसपास झोप याच वर्गात पडते आणि पडलीच पाहिजे. त्यातील दुसऱ्या टप्प्यात मेंदूच्या लहरींचे जे विशिष्ट झुबके दिसतात, त्यांचा संबंध स्मृती पक्की होण्याशी जोडला जातो. गाढ झोपेचा वाटा सामान्यतः एक-पंचमांशाच्या आगेमागे असतो आणि वयाबरोबर तो घटतो. पन्नाशीच्या प्राध्यापकाने आपली गाढ झोप आपल्या मुलाच्या आलेखाशी ताडून खंत करणे व्यर्थ आहे.

आपली भाषा या बाबतीत चार रंगांवर भागवीत नाही. डुलकी, पेंग, गुंगी, ग्लानी, वामकुक्षी, सावध झोप, मेल्यासारखी झोप हे सर्व वेगवेगळे अनुभव आहेत. त्यांपैकी ‘साखरझोप’ हा शब्द आलेखाशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. पहाटेची ती झोप अनुभवणाऱ्यास सर्वांत गोड वाटते. आलेखात मात्र त्या वेळी गाढ झोपेचा गडद पट्टा जवळजवळ नसतो. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात एकवटलेली असते आणि पहाटे आरईमचे पट्टे लांबत जातात. ‘पहाटे चारनंतर गाढ झोप शून्य’ हे पाहून घाबरणारे वाचक निरोगी रात्रीचा नेहमीचा आकारच पाहत असतात. शब्दाने गोडी टिपली, आलेखाने टप्पा टिपला. दोघांचे म्हणणे परस्परविरोधी नाही.

वामकुक्षीची स्थिती अधिक शोचनीय आहे. काही घड्याळे तासाभराहून कमी अवधीची झोप नोंदवीतच नाहीत. आलेखाचा गृहीत माणूस रात्री एकदा निजतो आणि सकाळी एकदाच उठतो. हा माणूस सार्वकालिक नाही. रॉजर एकर्च या इतिहासकाराने २००१ मधील आपल्या निबंधात दाखविले, की औद्योगिक काळापूर्वीच्या युरोपात लोक ‘पहिली झोप’ आणि ‘दुसरी झोप’ अशा दोन भागांत रात्र काढीत व मध्यंतरी उठून कामे, प्रार्थना, गप्पा करीत. त्या माणसाच्या हाती हे घड्याळ बांधले असते तर त्याला रोज ‘झोपेत व्यत्यय’ अशी सूचना मिळाली असती.

गुणदान

आलेखाच्या माथ्यावर शंभरपैकी एक गुण छापलेला असतो. अनेक उत्पादक या गुणाचे सूत्र पूर्णपणे उघड करीत नाहीत. ॲपलने २०२५ मध्ये आपली गुणपद्धती प्रसिद्ध केली : कालावधीस ५०, निजण्याच्या वेळेच्या नियमिततेस ३० आणि व्यत्ययांस २०. सूत्र उघड झाले ही चांगली गोष्ट. परंतु उघड होताच दिसते की ही एक गुणदान योजना आहे आणि दुसरी कोणतीही योजना तितक्याच अधिकाराने आखता आली असती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकांच्या कामाचे ‘एपीआय’ गुणांत रूपांतर केले, तेव्हा काय झाले हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. जे मोजता येत होते ते वाढले.

गुणाचा परिणाम गुण मिळविणाऱ्यावर होतो, याला पुरावा आहे. ड्रॅगनिच व अर्डल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना त्यांच्या आरईएम निद्रेचे खोटे आकडे सांगण्यात आले. काहींना सरासरीहून अधिक, काहींना कमी. ज्यांना झोप चांगली झाल्याचे सांगितले होते ते बौद्धिक चाचण्यांत सरस ठरले. आपल्याला रात्र कशी वाटली याचा त्यांच्या स्वतःच्या मताशी फारसा संबंध उरला नाही. २०१७ मध्ये केली बॅरन व सहकाऱ्यांनी ‘ऑर्थोसोम्निया’ हा शब्द योजिला. आलेख निर्दोष करण्याच्या ध्यासापायी झोप बिघडवून घेणाऱ्या रुग्णांचे वर्णन त्यांनी केले आहे, आणि त्यांतील लक्षणीय बाब अशी, की प्रयोगशाळेतील तपासणीने झोप चांगली असल्याचे दाखविले तरी त्यांचा विश्वास घड्याळावरच राहिला. रुग्णालयातील त्या सकाळी बहिणीशी बोलताना जी शंका मनात आली, ती या विकाराचीच सौम्य बहीण असावी.

वेदान्तात सुषुप्तीविषयी एक जुना युक्तिवाद आहे. गाढ निद्रेतून उठलेला मनुष्य ‘मी सुखाने झोपलो, मला काही कळले नाही’ असे म्हणतो; त्या अर्थी त्या अवस्थेचाही कोणी साक्षी असला पाहिजे. या युक्तिवादाचा स्वीकार करावा की न करावा हा भाग वेगळा. उठणाऱ्याच्या या शब्दाला तेथे प्रमाण म्हणून स्थान होते, एवढे येथे नोंदवावयाचे आहे.

प्रकल्पांतील आलेख

मग हे आलेख टाकाऊ आहेत काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. निजण्याची व उठण्याची वेळ घड्याळ बऱ्यापैकी अचूक टिपते, आणि एका रात्रीपेक्षा तीन-चार आठवड्यांचा पट पाहिला तर त्यातून खरोखर काही कळते. यूके बायोबँकमधील ६० हजारांहून अधिक व्यक्तींच्या मनगटी नोंदींवर आधारलेल्या, २०२४ मधील अभ्यासात झोपेच्या कालावधीपेक्षा तिची नियमितता मृत्युसंभवाची अधिक चांगली निदर्शक ठरली. हा सहसंबंध आहे, कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. तरीही यंत्राला जे चांगले जमते तेच महत्त्वाचे असण्याचा संभव आहे, ही समाधानाची बाब होय. टप्प्यांची मिनिटे मोजीत बसण्यापेक्षा पट्ट्यांच्या डाव्या-उजव्या कडा महिनाभर एकाखाली एक लावून पाहाव्यात.

अडचण आहे ती आमच्या लघुप्रकल्पांत. वर्गातील तीस विद्यार्थ्यांच्या घड्याळांतून ‘गाढ झोप’ घ्यायची, सत्राच्या गुणांशी तिचा सहसंबंध गुणक काढायचा आणि दोन दशांश स्थळांपर्यंत निष्कर्ष मांडायचा, असे अहवाल गेल्या काही वर्षांत तपासण्यास आले. तीस घड्याळे पाच कंपन्यांची असतात. म्हणजे पाच निरनिराळ्या तर्कपद्धती एका स्तंभात बेरजेस घेतल्या जातात. घड्याळ विकत घेऊ न शकणारे विद्यार्थी नमुन्यातून आपोआप बाहेर राहतात. आणि २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा संमत झाल्यानंतरही, या नोंदी गोळा करताना विद्यार्थ्यांची लेखी संमती घेतल्याचा उल्लेख बहुतेक अहवालांत नव्हता. कोण केव्हा निजतो ही माहिती प्राध्यापकाच्या हाती असावी काय, हा प्रश्न एकाही मार्गदर्शकास पडलेला दिसला नाही.

अशाच एका प्रकल्पात एका विद्यार्थिनीने आपल्या भावाचा आलेख त्याच्या संमतीने जोडला होता. भाऊ शेती पाहतो. आठवड्यातील तीन-चार रात्री त्याचा गुण पन्नासच्या खाली, आणि मध्यरात्रीनंतर तीन-साडेतीन हजार पावले. घड्याळाने त्याला झोपण्यापूर्वी मोबाइल दूर ठेवण्याचा व खोलीत अंधार करण्याचा सल्ला दिला होता. विद्यार्थिनीनेही ‘निद्रा-आरोग्याविषयी जागृतीचा अभाव’ असे निरीक्षण लिहिले होते. तिला एवढेच सुचविले, की आलेखाशेजारी एक कोरा स्तंभ आखावा आणि त्या त्या रात्री काय घडले ते भावाला विचारून त्यात भरावे. पुढच्या आठवड्यात ती वही घेऊन आली. स्तंभात बहुतेक ठिकाणी एकच नोंद होती : ‘कृषिपंपाची वीज रात्री १२ ला आली. दारे धरायला गेलो.’ निरीक्षणाचे वाक्य तिने स्वतःच खोडले होते.